टिपणे आणि टिपण : खंड्या पक्ष्याच्या छायाचित्रणाची चिकित्सा (पिंपळनेर परिसरातील पांझरा काठाच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

अंकीय कॅमेरा आणि भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे पक्षी-छायाचित्रण हा छंद ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत पोहोचला आहे. या छंदात खंड्या हा सर्वाधिक टिपल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक होय. मात्र खंड्याचे लोकप्रिय छायाचित्र त्या पक्ष्याविषयी नेमके काय सांगते आणि काय दडवते, याची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही. छायाचित्राचे मूल्य केवळ त्यातील क्षणावर ठरवणे अपुरे असून काठ, काळ आणि वर्तन यांची नोंद हाही त्या मूल्याचा घटक मानला पाहिजे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

बीजसंज्ञा : खंड्या, पक्षीनिरीक्षण, छायाचित्रण, नोंद, पांझरा, फड पद्धत.

प्रास्ताविक

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे गाव पांझरा नदीच्या वरच्या खोऱ्यात वसले आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावून ही नदी पिंपळनेर, साक्री, धुळे असा प्रवास करत पुढे तापीस मिळते. पिंपळनेरजवळचे लाटीपाडा धरण, नदीवरील जुने बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि पाटाखालची शेते या पाणरचनेत खंड्यासारख्या पक्ष्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आहेत : उथळ पाणी, बसायला उंचवटा, खायला मासे-किडे आणि बीळ खणायला मातीचा उभा काठ.

असे असूनही खंड्याचे छायाचित्र म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्यात यांपैकी जवळजवळ काहीच नसते. त्यात असतो तो गुळगुळीत हिरव्या पार्श्वभूमीवरचा निळा पक्षी, एक सुबक फांदी आणि चोचीत चमकणारा मासा. हे छायाचित्र सुंदर असते, यात वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की, ते पाहून खंड्याविषयी पाहणाऱ्याला काही कळते काय?

'टिपणे' या शब्दाची व्याप्ती

मराठीत छायाचित्र 'काढतात', 'घेतात' आणि 'टिपतात'. यांतील तिसरे क्रियापद या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. पाखरू दाणे टिपते. नेमबाज सावज टिपतो. टीपकागद शाई टिपतो. आणि अभ्यासक ऐकलेले, पाहिलेले टिपून ठेवतो, त्याचे टिपण होते. उचलणे, वेध घेणे, शोषून घेणे आणि नोंदवणे हे चारही अर्थ एकाच धातूत नांदतात.

पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास या अर्थांमधूनच वाटचाल करत आला आहे. एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासायचा म्हणजे प्रथम तो बंदुकीने टिपायचा, अशीच रीत होती. भारतीय पक्षीशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सालिम अली यांच्या पिढीनेही संग्रहासाठी पक्षी मारले. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९० च्या दशकात घरट्यांची छायाचित्रे घेऊन दुसरा मार्ग दाखवला. त्यांचे १८९५ चे पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र पुस्तक या बाबतीत आरंभीचे मानले जाते. पक्षी न मारता त्याचा पुरावा मिळू लागला, ही कॅमेऱ्याची देणगी मोठीच होय.

परंतु साधन बदलले म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही. अमेरिकन समीक्षिका सुझन सोंटॅग यांनी छायाचित्रणावरील आपल्या १९७७ च्या ग्रंथात, जंगलसफारीत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली तरी वेध घेण्याची भाषा व भावना तशीच राहिली, याकडे लक्ष वेधले आहे. मराठीपुरते बोलायचे तर, 'टिपणे' या शब्दातील नेमबाज अद्याप गेलेला नाही. त्यातील टिपण करणारा मात्र मागे पडला आहे.

नाव, जाती आणि पाहण्याची शिस्त

या पक्ष्याला मराठीत खंड्या, बंड्या, धीवर अशी नावे आहेत. धीवर म्हणजे कोळी. इंग्रजीने त्याला मासेमारांचा राजा केले, तर संस्कृत कोशांत 'मत्स्यरंक' असे नाव आढळते. रंक म्हणजे दरिद्री. एका भाषेत राव आणि दुसरीत रंक ठरलेला हा पक्षी नावापासूनच पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. दोन्ही नावांत मासा मात्र समान आहे आणि तेथेच निरीक्षणाची पहिली कसोटी लागते.

खानदेशातील पाणवठ्यांच्या संदर्भात तीन जाती प्रामुख्याने विचारात घ्याव्या लागतात. सर्वात लहान तो छोटा खंड्या. लांबी सुमारे १६-१७ सें.मी., पाठ झळाळती निळी, पोट नारिंगी. त्याची मादी खालच्या चोचीच्या तांबूस रंगावरून ओळखता येते. नराची चोच काळी असते. दुसरा कवड्या खंड्या, काळा-पांढरा. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो आणि तेथूनच सूर मारतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या छातीवर एकच आणि तोही बहुधा मध्ये तुटलेला. तिसरा पांढऱ्या छातीचा खंड्या. सुमारे २८ सें.मी. लांबीचा, तपकिरी डोक्याचा, जाड लाल चोचीचा. हा पाण्यापासून दूर, शेतात आणि वस्तीतही राहतो. नाकतोडे, सरडे, बेडूक, प्रसंगी उंदीर हे त्याचे अन्न. म्हणजे आपल्याकडे सर्वात सहज दिसणारा 'मासेमार' बऱ्याच अंशी मासेमार नाहीच.

या साध्या वस्तुस्थितीचा छायाचित्रणाशी थेट संबंध आहे. पांढऱ्या छातीचा खंड्या शेतावरच्या विजेच्या तारेवर तासन्‌तास बसतो. छायाचित्रणाच्या रूढ संकेतानुसार तार हा दोष समजला जातो. छायाचित्रकार पक्षी तारेवरून उठून फांदीवर बसण्याची वाट पाहतो, किंवा संगणकावर तार पुसून टाकतो. परिणामी पक्ष्याचे आजचे खरे बसणे चित्रातून वगळले जाते आणि 'निसर्गा'ची एक कल्पित प्रतिमा शिल्लक राहते. रंगाचेही तसेच. छोट्या खंड्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पिसांतील सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरल्याने दिसणारा आहे. पोटाचा नारिंगी रंग मात्र रंगद्रव्याचा आहे. त्यामुळे सावलीत हा पक्षी मंद दिसतो आणि उन्हात एकदम पेटल्यासारखा भासतो. ही चंचलता हेच त्या निळाईचे वैशिष्ट्य असताना, संगणकावर रंग गडद करून प्रत्येक चित्रातला खंड्या सारखाच निळा केला जातो.

सुराचे छायाचित्र : एका लोकप्रिय प्रतिमेची समीक्षा

खंड्याच्या छायाचित्रांत सर्वाधिक प्रतिष्ठा सूर मारणाऱ्या पक्ष्याच्या चित्राला आहे. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील छायाचित्रकार ॲलन मॅकफेडियन यांचे असे एक छायाचित्र जगभर गाजले. पाण्याच्या पृष्ठभागाला चोच टेकण्याच्या क्षणी पक्षी आणि त्याचे प्रतिबिंब अगदी समोरासमोर आलेले त्यात दिसतात. या चित्रासाठी सहा वर्षे, ४,२०० तास आणि ७,२०,००० छायाचित्रे खर्ची पडली, असे वृत्तपत्रांनी ठळकपणे सांगितले.

हे आकडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहेत. त्यांची सरासरी तासाला १७१ छायाचित्रे, म्हणजे मिनिटाला जवळजवळ तीन, अशी येते. वृत्तांचा भर या संख्येवर राहिला. चित्राची थोरवी त्यामागे गेलेल्या चित्रांच्या संख्येने मोजली गेली. वास्तविक एकाच पाणवठ्यावर ४,२०० तास बसलेल्या माणसाला खंड्याविषयी पुष्कळच कळलेले असणार. तो कोणत्या प्रहरी येतो, किती वेळा सूर मारतो, त्यांतील किती सूर फुकट जातात, वारा सुटला की काय करतो, पाणी गढूळ झाले की कोठे जातो. मॅकफेडियन यांना या पक्ष्याची ओढ बालपणी आजोबांमुळे लागली, हेही प्रसिद्ध आहे. म्हणजे त्या चित्रामागे दीर्घ सहवास आहे. परंतु प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेत त्या सहवासातून कळलेले काही येत नाही. येतो तो फक्त सेकंदाचा एक सूक्ष्म अंश. दोष छायाचित्रकाराचा नाही. एकमेव 'अचूक' क्षणालाच मूल्य मानणाऱ्या रसिकतेचा तो आहे.

या रसिकतेची किंमत अनुकरणातून मोजावी लागते. सहा वर्षे ज्याच्यापाशी नाहीत, तो क्षण घडवून आणतो. पाण्यात बुडवलेल्या टबात जिवंत मासे सोडणे, त्यावर सोयीची फांदी रोवणे, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बोलावणे या युक्त्या आता छायाचित्रकारांत सर्वपरिचित आहेत. चित्र पाहून मात्र त्यांचा पत्ता लागत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेलाही अशा प्रश्नांना सामोरे जावे लागले. २००९ चे विजेते ठरलेले लांडग्याचे चित्र, तो लांडगा पाळीव असण्याचा दाट संशय आल्याने २०१० मध्ये बाद झाले. २०१७ च्या स्पर्धेत गौरवलेले मुंगीखाऊचे चित्र, त्यातील प्राणी पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून २०१८ मध्ये बाद झाले. जेथे तज्ज्ञ परीक्षक फसतात, तेथे सामान्य प्रेक्षकाने केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

चोचीतील मासा : चित्राचे वाचन

छायाचित्र पुरेसे जाणतेपणाने वाचले, तर ते कधीकधी छायाचित्रकाराच्या इच्छेपलीकडचेही सांगून जाते. खंड्या मासा पकडल्यावर बैठकीवर आपटून तो निपचित करतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले व पर घशात अडकत नाहीत. स्वतः खायचा असेल तर माशाचे डोके घशाकडे असते. परंतु मासा जोडीदाराला किंवा पिलांना भरवायचा असेल, तर खंड्या तो उलटा फिरवतो. डोके चोचीच्या टोकाकडे, बाहेर ठेवतो. घेणाऱ्याला तो डोक्याकडून गिळता यावा म्हणून.

आता प्रदर्शनांतील 'मासा चोचीत धरलेला खंड्या' पुन्हा पाहावा. माशाचे डोके बाहेर असेल, तर तो पक्षी आपले भक्ष्य मिरवत बसलेला नाही. कोणाला तरी भरवायला निघालेला आहे. काठातल्या बिळात पिले असतील, तर समोर उभ्या असलेल्या माणसामुळे तो घरी जायला कचरत असण्याचीही शक्यता आहे. ज्या शांत, सुस्पष्ट बैठकीचे कौतुक होते, ती बैठक कदाचित त्या पक्ष्याची अडवणूक असते. अर्थात, प्रणयकाळात नर मादीलाही मासा भरवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी बीळ जवळ आहेच असे म्हणता येणार नाही. म्हणूनच तारीख, स्थळ आणि पक्षी पुढे कोठे गेला याची नोंद आवश्यक ठरते. ती नसेल तर एकच चित्र प्रणय, पालकत्व आणि त्रास या तिन्ही गोष्टींचे असू शकते.

विणीच्या काळातील हा प्रश्न कायद्याच्याही कक्षेत येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २(१६) प्रमाणे 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना व्यत्यय आणणे हेही समाविष्ट आहे. सोंटॅग यांनी साम्य म्हणून जे सांगितले, ते या मर्यादेत आपल्या कायद्याने व्याख्या म्हणूनच स्वीकारले आहे. कोकणात पावसाळ्यात विणीसाठी येणाऱ्या, जेमतेम १३ सें.मी. लांबीच्या तिबोटी खंड्याच्या बिळांभोवती होणाऱ्या छायाचित्रकारांच्या गर्दीवर पक्षीमित्रांनी वेळोवेळी नापसंती व्यक्त केली आहे. जो पक्षी रायगड जिल्ह्याने आपला जिल्हा पक्षी म्हणून मिरवला, त्यालाच त्याच्या सौंदर्याचा जाच व्हावा, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

नोंदीविना पुरावा : खानदेशचा धडा

केवळ वस्तू वा प्रतिमा हाती असणे म्हणजे ज्ञान नव्हे, याचा पक्षीशास्त्रातील एक प्रसिद्ध धडा खानदेशाशीच निगडित आहे. रानपिंगळा या घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात गोळा केले. १८८४ नंतर या पक्ष्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात मात्र १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. पामेला रासमुसेन यांनी तपास करता तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. खोटे स्थळ बाजूला ठेवून खऱ्या स्थळांकडे शोध वळवल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. शहादा १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

पक्षी खरा, पिसे खरी. चिठ्ठी तेवढी खोटी. तेवढ्याने शोधाची दिशा चुकली. आज समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या पक्ष्यांच्या असंख्य छायाचित्रांना तर खोटी वा खरी, कोणतीच चिठ्ठी नसते. पुढच्या पिढीला पांझरेवर कवड्या खंड्या कधीपासून दिसेनासा झाला हे शोधायचे असेल, तर अशी हजार चित्रेही त्याच्या कामी येणार नाहीत; तारीख आणि ठिकाण लिहिलेले एक अस्पष्ट चित्र मात्र येईल.

याच संदर्भात खानदेशच्या काव्यपरंपरेकडे पाहणे उद्बोधक ठरते. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलेली कविता हे निरक्षर शेतकरी स्त्रीच्या सूक्ष्म निरीक्षणाचे लेणे होय. चोच हेच सारे हत्यार, हे त्या कवयित्रीने नेमके पाहिले. खोपा विणतो तो नर, मादी नव्हे. अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास केलेल्या दीर्घ निरीक्षणातून नर एकापाठोपाठ अनेक खोपे विणतो आणि अर्धा झालेला खोपा पसंत करून मादी त्यात नांदू लागते, हे स्पष्ट झाले. या दुरुस्तीने कवितेचे मोल उणे होत नाही. कवितेने पाखराशी नाते जोडले, शास्त्राने त्या पाखराचा संसार उलगडला. दोहोंच्या मुळाशी एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहणे आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनात तर हे दोन प्रवाह एकत्र आले. वनाधिकाऱ्याची रोजची टिपणे, आदिवासींकडून मिळालेली नावे आणि संस्कृत ग्रंथांतील संदर्भ यांतून त्यांचा 'पक्षीकोश' सिद्ध झाला. उत्तम छायाचित्राला या परंपरेत निश्चितच स्थान आहे. मात्र ते टिपणासह आले तर.

पांझरेचा काठ : चौकटीबाहेर राहिलेले

पांझरा खोऱ्याचे वैशिष्ट्य म्हणजे तीन-चारशे वर्षांची परंपरा सांगणारी फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड आणि एका फडात शक्यतो एकच पीक, अशी ही लोकांनी चालवलेली सिंचनव्यवस्था. पाटकरी, हवालदार, जागल्या यांच्याकडे पाणीवाटपाची व राखणीची कामे असत. पाणी कोठवर पोहोचले, पाट कोठे फुटला, हे पाहत काठाने फिरणे हा पाटकऱ्याचा नित्यक्रम. पाण्याकाठी रोज त्याच वाटेने जाणारा हा माणूस म्हणजे निरीक्षकाचा एक आदर्शच म्हणता येईल. त्याचे लक्ष पाण्यावर असे आणि पाण्यामुळे काठावर.

खंड्याला हाच काठ लागतो. नर-मादी मिळून उभ्या मातीत आडवे बीळ खणतात आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात. उन्हाळ्यात पात्र आक्रसून पाणी डोहांत आणि बंधाऱ्यांमागे उरते, त्याच सुमारास विणीचे दिवस असतात. खानदेशातील नद्यांत वाळूउपसा हा जुना प्रश्न आहे. त्यात काठ ढासळणे, दरडी कापणे आणि गावालगत काँक्रीटच्या भिंती उभारणे यांची भर पडली, तर मासे असूनही खंड्याला घर उरणार नाही. फांदीवरच्या सुंदर खंड्याच्या चित्रात हा धोका दिसू शकत नाही, कारण काठ चौकटीबाहेरच ठेवलेला असतो. पार्श्वभूमी पुसट करण्याच्या तंत्राने येथे नकळत एक वैचारिक काम केलेले असते : पक्षी राहतो, नदी जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. नदी आधी जाते आणि मग पक्षी.

निष्कर्ष

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. खंड्याच्या लोकप्रिय छायाचित्रात क्षणाला अवाजवी आणि स्थळाला नगण्य स्थान मिळाले आहे. हा तंत्राचा अपरिहार्य परिणाम नसून रसिकतेचा संकेत आहे. म्हणून तो बदलता येतो.

२. पक्ष्याच्या वर्तनाचे ज्ञान असेल तर छायाचित्राचे वाचन अधिक समृद्ध होते. माशाच्या डोक्याची दिशा, चोचीचा रंग, छातीवरील पट्टे हे सौंदर्याचे तपशील नसून अर्थाचे तपशील आहेत.

३. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा, चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा, पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यानिमित्त महाविद्यालयांत होणाऱ्या छायाचित्र प्रदर्शनांत प्रत्येक चित्राखाली जात, दिनांक, वेळ, ठिकाण, बैठक, वर्तन आणि अंदाजे अंतर यांचे टिपण अनिवार्य करावे. घरट्यांची छायाचित्रे स्वीकारू नयेत. काठासह घेतलेल्या चित्रांचा स्वतंत्र विचार व्हावा. याला कोणताही खर्च येत नाही.

४. पिंपळनेरसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी एकाच बंधाऱ्यावर वर्षभर, दर आठवड्याला एकदा, साध्या भ्रमणध्वनीने घेतलेली चित्रे व सोबतच्या नोंदी हे कोणत्याही पुरस्कारप्राप्त सुरापेक्षा पांझरेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचे साधन ठरेल.

छायाचित्रणाला विरोध करणे हा या चिकित्सेचा हेतू नाही. बंदूक खाली ठेवायला कॅमेऱ्याने मदत केली आणि अनेक तरुणांना पक्ष्यांकडे वळवले. आता पुढचे पाऊल टाकण्याची आवश्यकता आहे. खंड्या सुरापूर्वी बराच वेळ स्थिर बसून पाण्याकडे पाहत असतो. त्याच्या छायाचित्रकारानेही बटण दाबण्याआधी तेवढा वेळ काठाकडे पाहिले आणि नंतर दोन ओळी लिहिल्या, तर 'टिपणे' या शब्दाचे हरवलेले अर्धे अंग त्याला परत मिळेल.